कुत्र्याची मालिश : हात कुठे ठेवायचा, कुठून काढून घ्यायचा



मागच्या पाठात आपण शेळ्यांच्या लसी पाहिल्या. या वेळचा विषय वाचून काही जणी हसतील, हे मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंनीच विचारलं, "आता काय, कुत्र्याला न्हाऊ-माखू घालायचं शिकवणार का गटात?" पण हा विषय मी उगाच घेतलेला नाही. प्रभागसंघाच्या बैठकीत दोन गटांनी एकच प्रश्न विचारला होता. त्यांच्या मोबाईलवर जाहिरात आली होती: कुत्र्यांच्या मालिशचा कोर्स करा, सर्टिफिकेट मिळवा, घरबसल्या कमवा. एका ताईने तर त्यासाठी अंतर्गत कर्जाचा अर्जही दिला होता. तिला काय उत्तर द्यायचं, ते या पाठाच्या शेवटी येईल. आधी माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण कुत्र्याची मालिश म्हणजे काय हे मी चूक करून शिकले.

आमचा वाघ्या. मेंढरांचा वाडा घेऊन दरसाल आमच्या रानात बसायला येणाऱ्या एका धनगर मामांनी तो पिल्लू असताना दिला. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, कारवानी कुत्र्यांच्या वळणाचा. शेळ्यांमागे तो दिवसभर फिरायचा आणि रात्री गोठ्याच्या दाराशी आडवा पडायचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका सकाळी तो उठेना. उठला तर मागचे पाय लटपटायला लागले. मला वाटलं, रात्री कशामागे तरी धावला असेल, लचक भरली असेल. घरात मालिशीचा हात माझा. दोन नणंदांच्या बाळंतपणात बाळ-बाळंतिणीला मीच चोळलंय. मग काय, तेल कोमट केलं, वाघ्याला गोणपाटावर आडवं केलं आणि पाठीच्या कण्यावर अंगठ्याने दाबून दाबून मालिश केली. तो कुईं कुईं करत होता. मी म्हटलं, दुखतंय म्हणजे बरोबर जागी लागतंय.

असं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी त्याचा मागचा डावा पाय जमिनीवर घसटायला लागला, पंजा उलटा पडायला लागला. मग मात्र घाबरले. मालकांनी गाडी काढली, वाघ्याला दोघांच्या मध्ये कसंबसं बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी हात लावायच्या आधी पहिला प्रश्न विचारला: "रेबीजची लस झालीय का? कार्ड दाखवा." मला जरा रागच आला. कुत्र्याचा पाय लुळा पडलाय आणि हे कार्ड कसलं मागतात! नशीब, कार्ड गटाच्या पासबुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. ते बघून मगच त्यांनी वाघ्याला हात लावला आणि समजावून सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे चावत सुटणारं कुत्रं, असं आपल्याला वाटतं. पण रेबीजचा एक प्रकार शांत असतो. त्यात कुत्रं मागच्या पायांत लुळं पडतं, जबडा खाली लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. लोकांना वाटतं घशात हाड अडकलंय आणि ते तोंडात हात घालतात. चावा न लागताही ती लाळ हातावरच्या चिरेत, ओरखड्यात गेली की पुरे. भाजी चिरणाऱ्या, गवत कापणाऱ्या आपल्या हातांवर चिरा नाहीत अशी कुठली बाई आहे? मी दोन दिवस या हातांनी त्याला चोळत होते. वाघ्याची लस झाली नसती तर?

दुसरा प्रश्न होता, "पाठ कोणी दाबली का?" मी खाली मान घालून हो म्हटलं. पाठीच्या मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. ती सरकली की आतल्या नसेवर दाब येतो आणि मागचे पाय लटपटतात. अशा वेळी मालिश नव्हे, सक्तीची विश्रांती लागते. वरून दाबलं तर दुखणं वाढतं. आणताना मोटारसायकलवर मधे बसवलं तेही चुकलं. अशा कुत्र्याला पाठ न वाकवता फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर ठेवून न्यायचं असतं.

पाच आठवडे वाघ्या एका कोपऱ्यात बांधून होता. फक्त लघवी-शीला हळूच बाहेर. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. हळूहळू पाय परत आला, पण पूर्ण नाही. आजही तो चालताना मागून डावीकडे झुकतो. माझ्या दोन दिवसांच्या मालिशीमुळे किती बिघडलं, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते आता कसं सांगणार?" मला अजूनही ते टोचतं.

गंमत अशी की, पाच आठवड्यांनी त्याच डॉक्टरांनी मला मालिश शिकवली. मोकळं फिरता येत नसल्याने वाघ्याचे मागच्या मांडीचे स्नायू वाळले होते आणि पुढचे खांदे दगडासारखे कडक झाले होते. "आता चोळा," ते म्हणाले, "पण मी दाखवतो तसं." तेच आता तुम्हाला सांगते.

खांदे का आखडतात

कुत्र्याच्या अंगाचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आपल्या हाताला छातीशी जोडणारं गळपट्टीचं हाड असतं, तसं कुत्र्याला नसल्यातच जमा. त्याचा पुढचा पाय अंगाला हाडाने नव्हे, नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. झोळीत बाळ ठेवावं तशी त्याची छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मागचा पाय दुखायला लागला की कुत्रं आणखी वजन पुढे टाकतं आणि त्या झोळीवर ताण येतो. म्हणून लंगडणाऱ्या कुत्र्याची मालिश करताना दुखरा पाय धरायचा नाही. आधी पुढचे खांदे आणि मान बघायची. दुखणं एकीकडे आणि थकवा दुसरीकडे असतो.

हे आपल्याला तसं नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतो ना? जू ओढून दमलेल्या खांद्याला तूप-हळद लावून मळतो. बैलाच्या खांद्याला आपण वर्षातून एकदा का होईना, पण आठवणीने हात लावतो. कुत्र्याच्या खांद्याला तेवढाही लावत नाही. पण एक फरक लक्षात ठेवा. कुत्र्याला तूप, तेल, हळद काहीच लावायचं नाही. कोरड्या हाताने मालिश करायची. तेलाने केस चिकटतात, माती बसते, मुंग्या लागतात, आणि कुत्रं सगळं चाटून पोटात घालतं. दुखण्यावरचा बाम, कापूर, निलगिरीचं तेल तर अजिबात नको. त्याच्या पोटात गेलं तर विषबाधा होते.

बसायचं कसं

मालिश आपल्या स्वतःच्या, ओळखीच्या, लस झालेल्या कुत्र्याचीच करायची. वस्तीवरचं कुत्रं कितीही गरीब असलं तरी नाही.

खाऊन तासभर झालेला असावा, लघवीला जाऊन आलेला असावा. जागा घसरडी नको. सारवलेली जमीन किंवा जुनी गोधडी उत्तम. फरशीवर कुत्रं पाय घट्ट रोवून बसतं, मग स्नायू सैल होणार कसे? हातातल्या काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. बांगड्यांचा आवाज आपल्याला मंजुळ वाटतो, कुत्र्याच्या कानाशी तो सारखा किणकिणत राहिला तर ते बिचकतं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाका. नखं कापलेली हवीत. हात थंड असतील तर एकमेकांवर चोळून ऊब आणा.

बसताना त्याच्या बाजूला बसा, तोंडासमोर नाही आणि वरून वाकून तर नाहीच. कुत्र्याच्या भाषेत वरून वाकणं म्हणजे धमकी. आधी हाताची मागची बाजू हुंगू द्या. मग एक हात खांद्यावर नुसता ठेवा. दाबायचं नाही, फिरवायचं नाही. चार-पाच श्वास तसाच राहू द्या आणि मग हात काढून घ्या.

हात काढून घेतल्यावर तो काय करतो, हे बघायचं. नाक लावून हात ओढतो, अंग टेकतो, तर त्याला हवंय. उठून जातो, तर नकोय. नको म्हटल्यावर विषय संपला. आमच्या मालकांना हे पटत नव्हतं. "कुत्र्याची परवानगी काय घ्यायची?" म्हणाले. मी म्हटलं, दात त्याच्या तोंडात आहेत, परवानगी त्याचीच घ्यायची.

मध्येसुद्धा तो सांगत असतो. झोप आलेली नसताना जांभई देतो, नाक-ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं, शेपूट पायात घेतो. आणि सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे एकदम ताठ होऊन गप्प बसतो. आपल्याला वाटतं शांत झाला. तो शांत नसतो, थिजलेला असतो. त्याच्यानंतर गुरगुरणं येतं आणि मग चावा. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरल्यावर मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं.

हात फिरवायचा कसा

पहिला लांब हात. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, केसांच्या दिशेने, पूर्ण तळवा टेकवून सावकाश. पाठीचा कणा मधे सोडायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर मांसल पट्टी लागते, तिच्यावरून हात न्यायचा. हाडावर दाब कधीच नाही, जिथे मी चुकले ती हीच जागा. दाब किती, तर पिकल्या टोमॅटोवर हात ठेवला आणि तो फुटला नाही, इतकाच. पुस्तकात या प्रकाराला एफ्लुराज म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, टोमॅटो विसरू नका. असे आठ-दहा हात. एक हात उचलला तरी दुसरा अंगावर राहू द्या, म्हणजे त्याला तुमचा ठाव राहतो.

मग मळणं. हे फक्त जाड मांसाच्या जागी करायचं, खांदा आणि मागची मांडी. बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला घेऊन मांस हलकं उचलायचं, क्षणभर धरायचं, सोडायचं. पुरणपोळीची कणीक तिंबतो तसा मऊ हात, भाकरीचं पीठ रगडतो तसा नाही. घाई केली की कुत्रं अंग चोरतं. तुमचा स्वतःचा श्वास संथ चालू आहे ना, ते बघा. मला ते जमत नव्हतं. सकाळी कामाच्या गडबडीत मी वाघ्याला चोळायला बसायचे आणि तो उठून जायचा. रात्री भांडी झाल्यावर बसायला लागले, तेव्हा तो टिकला.

कानाच्या मुळाशी, जबड्याच्या बिजागरीजवळ आणि डोक्याच्या मागे मान सुरू होते तिथे बोटांच्या टोकांनी छोटे गोल फिरवायचे. बहुतेक कुत्र्यांना ही जागा फार आवडते. अनोळखी हाताची सवय करायचीच असेल तर इथूनच.

सांधे दाबायचे नाहीत. गुडघा, कोपरा धरून वाकवायचा-ताणायचा नाही. तो व्यायाम असतो, पण कोणत्या कुत्र्याला किती, ते डॉक्टरांनी त्याच कुत्र्यावर दाखवल्याशिवाय करू नये. पोट, गळा आणि गाभण कुत्रीचं पोट सोडून द्यायचं.

पहिल्या दिवशी तीन-चार मिनिटं पुरे. सवय झाली की दहा-पंधरा. म्हाताऱ्या कुत्र्याला थंडीत आधी उबदार कापडाने शेकलं तर स्नायू लवकर सैल होतात. कापड कोमट पाण्यात बुडवून पिळायचं, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मगच ठेवायचं. पण ताजी सूज असेल, नुकताच मार लागला असेल तर शेक नाही. तिथे कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं, आणि डॉक्टर.

हाताला काय सापडतं

खरं सांगू? मालिशीने जितका आराम पडतो, त्याहून जास्त उपयोग मला या गोष्टीचा झाला. रोज हात फिरवला की हाताला कुत्र्याचं अंग पाठ होतं आणि बदल लगेच कळतो.

दोन्ही मांड्या एकदम दोन हातांत धरून बघा. एक बारीक लागते का? मग तो त्या पायावर वजन टाकत नाही, त्याचं लंगडणं डोळ्यांना दिसत नसलं तरी. एखादी जागा बाकी अंगापेक्षा गरम लागते का? हात गेला की कातडी थरथरते, तो मान वळवून बघतो, चाटतो, तिथे दुखतंय. बोटांच्या फटीत कुसळ रुतलेलं असतं. कातडीखाली गाठ सापडते. गाठ सापडली तर तिला चोळायचं नाही. ती केव्हा सापडली, केवढी होती, हे कॅलेंडरवर लिहून ठेवायचं आणि दाखवायची. कुत्रीच्या सडांजवळची गाठ तर थांबून बघायचीच नाही.

गोचीड सापडली तर बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका. चिमट्याने कातडीला लागून पकडायची आणि सरळ ओढायची. हात साबणाने धुवायचे. खूप गोचिड्या आहेत, कुत्रं मलूल आहे, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर हा गोचीड ताप असू शकतो. मालिशीने तो जाणार नाही, रक्त तपासावं लागतं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाईट. म्हणून हाताला गरम लागला म्हणजे तापच, असं समजू नका. पण गरमही आहे आणि मलूलही आहे, तर समजा.

आणखी एक. खरूज किंवा गजकर्ण असलेल्या कुत्र्याची मालिश केली की ते आपल्याला आणि घरातल्या लेकरांना होतं. केस गेलेले, खवले आलेले चट्टे दिसले की आधी औषध.

हात मागे घ्यायचा तो प्रसंग

कुत्रं अचानक लंगडायला लागलं, पाय घसटतोय, पाठ कमानीसारखी वर धरलीय, लघवी आपोआप गळतेय, पाय वेड्यावाकड्या कोनात लोंबतोय, जखम आहे, ताप आहे, सूज आहे. यातलं काहीही दिसलं तर मालिश नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायचं. दवाखाना लांब असेल तर सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे. आणि अशा कुत्र्याची रेबीजची लस झालेली नसेल, त्यात लाळ गळत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर हात लावायचाच नाही. लेकरांना आत घ्यायचं आणि फोन करायचा.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. अंगदुखीला आपण घेतो त्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्त पडतं, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफिनॅकचं तर तुम्हाला माहीत असेल. ते औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, आणि गिधाडंच संपत आली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बनवायला आपल्या देशात बंदी आली. माझी आजी सांगायची ती गिधाडं माझ्या लेकीने पाहिलेलीच नाहीत.

चावा बसलाच तर? घरचं कुत्रं असो, पिल्लू असो, नुसता ओरखडा असो, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. मिरची, चुना, हळद, तंबाखू काही भरायचं नाही. पट्टी बांधायची नाही. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. तिथे लस मोफत मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेत द्यावं लागतं, ते मागून घ्या. पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात, त्यातली एकही चुकवायची नाही, लग्न असो की सुगी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज नाही. लक्षणं दिसायच्या आधी लस हाच इलाज.

आता त्या कोर्सबद्दल

कुत्र्यांची मालिश हा परदेशात खरोखरचा धंदा आहे. ऑपरेशन झालेली, म्हातारी, शर्यतीत पळणारी कुत्री त्यांच्याकडे येतात. पण तिथेही हा धंदा पशुवैद्यकाला बाजूला ठेवून चालत नाही. ब्रिटनमध्ये १९६६ च्या कायद्याने जनावरावर उपचार हा पशुवैद्यकाचा अधिकार आहे आणि फिजिओथेरपी करणारा त्याच्या सांगण्यावरून काम करतो. आपल्याकडेही १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. आम्ही पशुसख्यासुद्धा प्राथमिक कामच करतो आणि तेही त्यांच्या देखरेखीखाली. मोबाईलवरच्या सर्टिफिकेटने तो अधिकार मिळत नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्का असू दे.

पुण्या-मुंबईत कुत्र्यांच्या फिजिओथेरपीची सोय असलेले दवाखाने आहेत. तिथे पाण्यात चालवतात, व्यायाम करून घेतात, मालिशही करतात. तिथे मदतनीस लागतात. एखादीला कुत्र्यांची खरीच आवड आहे, शहरात राहायची सोय आहे, तर अशा दवाखान्यात आधी कामाला लागून शिकावं. पैसे भरून नाही, पगार घेऊन. आपल्या गावात मात्र कुत्र्याच्या मालिशीचे पैसे कोणी देणार नाही. हे मला वाईट वाटून सांगावं लागतंय, पण खरं आहे. म्हणून अर्ज दिलेल्या त्या ताईला गटाने कर्ज नाकारलं, ते बरोबर केलं असं माझं मत आहे. तिने माझ्यावर राग धरला होता. मग मी तिला म्हटलं, कोर्सवाल्यांना फोन लाव आणि तीन गोष्टी विचार. शिकवणारा नोंदणीकृत पशुवैद्यक आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक काय? खऱ्या कुत्र्याला हात लावून शिकवणार की फक्त व्हिडिओ? आणि हे शिकलेल्या किती जणींना काम मिळालं, त्यातल्या दोघींशी बोलायला मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाला फोन कट झाला.

तिच्याकडे आता चार शेळ्या आहेत. एक कुत्रं पण आहे. त्याची मालिश ती माझ्यापेक्षा चांगली करते.

मालिशीने काय होत नाही, तेही सांगून ठेवते. झिजलेला सांधा भरून येत नाही, सरकलेलं हाड जागेवर येत नाही. आखडलेले स्नायू सैल होतात, कुत्रं शांत होतं, रात्री बरं झोपतं, एवढंच. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना मालिशीइतकीच गरज वजन कमी करण्याची असते. उरलंसुरलं सगळं ताटलीत ओतून आपण त्याला जाड करतो आणि मग गुडघे चोळत बसतो. नखं वाढलेली असतील तर कापून आणा, लांब नखांनी पाय वाकडा पडतो. आणि झोपायला थंड फरशीऐवजी पोत्यात पेंढा भरून द्या.

पुढच्या बैठकीसाठी

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी त्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड घेऊन यावं. कार्ड नसेल, हरवलं असेल, लस केव्हा दिली आठवत नसेल, तर "नाही" असंच सांगावं, लाजू नये. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी. ग्रामसंघाच्या सचिव ताई प्रत्येक गटाची यादी करतील आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन एकाच दिवशी लसीकरण ठेवता येईल का, ते विचारतील. वीस-पंचवीस कुत्री एका जागी जमली की डॉक्टरांनाही यायला परवडतं.

तोवर घरच्या, लस झालेल्या कुत्र्याच्या बाजूला रात्री पाच मिनिटं बसून बघा. काय सापडलं ते बैठकीत सांगा. कोणाला गाठ सापडेल, कोणाला गोचीड, कोणाला काहीच नाही. मागच्या आठवड्यात मला वाघ्याच्या उजव्या खांद्यात एक नवीन कडक जागा सापडली. सोमवारी दाखवायला नेणार आहे, या वेळी फळीवर.